ओढ्याच्या अलीकडे

गुरुजी,

तुमच्यावर नव्यानं चिडून मला आज पाच दिवस झाले. मेलेल्या माणसावर इतके दिवस चिडू नये म्हणतात, पण तुम्ही जिवंत होता तेव्हा माझ्याशी धड भांडला नाहीत, त्यामुळे ते काम शिल्लक राहिलं. मी तुमच्या सातवीतली, ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली, दोन वेण्या आणि कायम एक चप्पल तुटलेली. आता साठीला आले आहे. नांदेडला राहते. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून सगळी नोकरी झाली, म्हणजे आयुष्यभर कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढले. ही नोकरी तुमच्यामुळं लागली असं लोक म्हणत, आणि मी ऐकून घेत असे. मान मात्र डोलावली नाही कधी.

मागच्या आठवड्यात आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. बाई लातूरच्या आहेत, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, "मॅडम, शाळेला रंग द्यायलोत. सातवीच्या भिताडावर तो जुना गावाचा नकाशा हाय बघा, लई फिका पडलाय. पेंटर म्हणतो पुसतो. गावातली म्हातारी माणसं म्हणतात पुसू नका. मी म्हणलं, आपल्या गावच्या मॅडम नकाशाच्याच नोकरीत हुत्या, त्यांनाच इचारावं. तुम्ही जरा दुरुस्त करून द्या की. आता तर फोनवर वरून सगळं गाव दिसतं." मी लगेच हो म्हणाले. खरं सांगू का, फोन ठेवता ठेवता मला आनंदच झाला होता. तुमच्या नकाशातली ती एक चूक दुरुस्त करायला मिळावी म्हणून मी किती वर्षं टपून बसले होते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

तर मी कॉम्प्युटर उघडला आणि आकाशातून काढलेल्या त्या नकाशात शिरले. तुम्ही हे पाहायला हवं होतं. तुमचा जीव हरखला असता आणि पाच मिनिटांत तुम्ही त्याच्या चुका काढायला बसला असता. नांदेडहून निघाले, रस्त्यावर बोट ठेवल्यासारखी लोह्यावरून अहमदपूरला आले, स्टँडवरच्या बसगाड्या लाल ठिपक्यांसारख्या दिसतात, तिथून आपल्या फाट्याला वळले. इथपर्यंत ठीक. पुढं गावाचं नाव लिहिलंय ते गावावर नाही, अर्धा कोस लांब कुणाच्यातरी तुरीच्या रानात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शाळेच्या छपरावर एका सलूनची खूण, कारण कुणीतरी शाळेच्या कट्ट्यावर बसून आपल्या दुकानाची नोंद केली असणार. मारुतीच्या देवळाला दोन नावं, दोन्ही चुकीची. ओढा तर नकाशाच्या मते नाहीच. फोटो उन्हाळ्यातला, ओढा कोरडा, त्यामुळं त्याला तो पांदीचा रस्ता वाटला. आणि आमची वस्ती? छपरं सगळी दिसतात, निळे पत्रे, नवे स्लॅब, पाण्याच्या काळ्या टाक्या, आमच्या दारातला लिंब त्याच्या सावलीवरून ओळखू येतो. नाव नाही. मी 'सूचना पाठवा' वर जाऊन वस्तीचं नाव पाठवलं. उत्तर आलं, आपली सूचना स्वीकारता आली नाही. ओढ्याचं नाव पाठवलं. स्वीकारता आली नाही. तिसऱ्यांदा पाठवलं, कारण मी तुमची विद्यार्थिनी. सलूनवाल्याला मात्र पाच चांदण्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि हा उंट तर आभाळात आहे.

तरी मी तिथं तासन् तास राहिले, हेही सांगते. वरून गाव बघणं ही वाईट सवय आहे. माणूस दिसत नाही, पण माणसाची सवय दिसते. सुगीनंतरची मोकळी रानं आहेत आणि त्यांतून वस्तीपासून शाळेपर्यंत एक पांढुरकी रेघ आली आहे, कुठंही न वळता. आमची पायवाट. पूल झाला, डांबरी रस्ता झाला, तो लांबून वळसा घेऊन जातो, आणि पोरं अजून ओढ्यातनं सरळच येतात. मी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन. मग आठवलं की चिंचोके नाहीत.

सातवीत सुगी झाल्यावर तुम्ही गावाचा नकाशा काढायला लावायचा. आधी शाळेच्या मैदानात शंभर फुटांचा दोर ताणायचा आणि आम्ही त्याच्या कडेनं चालायचं. कुणाचं पाऊल किती इंचांचं, ते तुम्ही हजेरीच्या वहीत नावापुढं लिहायचा. माझं वीस इंच भरलं होतं. मग झेंड्याच्या कट्ट्यापासून निघायचं, मोजत. शंभर पावलं झाली की एक चिंचोका उजव्या मुठीतून डाव्या मुठीत. मधे कुणाशी बोलायचं नाही. बोललं की परत कट्ट्यावर. मला आजही रस्त्यानं चालताना कुणी हाक मारली तर आधी राग येतो, त्याचं कारण तुम्ही आहात. कट्ट्यापासून आमच्या दारापर्यंत बारा चिंचोके. मी तीनदा मोजले, तिन्ही वेळा बारा.

आणि मग कागदावर काढायला बसले तर बाराव्या चिंचोक्याला कागद पुरेना. तुम्ही सांगितलेल्या प्रमाणानं ओढा थेट कागदाच्या काठाला आला आणि वस्ती कागदाबाहेर. मी रात्री आईकडून पिठाची खळ करून घेतली, एका लग्नपत्रिकेची कोरी बाजू कापून काठाला चिकटवली आणि तिच्यावर वस्ती काढली. बावीस घरं, विहार, लिंब, सगळं. वर्गात तुम्ही तो कागद उचलून धरला. मला वाटलं, आता शाबासकी. तुम्ही म्हणालात, "हे काय? ठिगळ लावल्याला नकाशा असतो का? कागद संपला का नकाशा संपला." आणि जोडलेला तुकडा अलगद सोडवून घेतलात. अलगद, फाडला नाहीत, हे मला आठवतंय. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. दहापैकी सहा गुण मिळाले. मी ओढ्यापर्यंतचा नकाशा घेऊन ओढ्यापलीकडं घरी गेले.

त्यानंतर महिन्याभरात तुम्ही भिंतीवरचा नकाशा काढायला घेतलात. स्वतः मोजलंत सगळं. तुम्ही औशाकडचे, गावात तुमचं ना शेत ना सोयरे, पण रविवारी दोर खांद्यावर टाकून तुम्ही गावभर फिरायचा आणि लोक म्हणायचे, गुरुजींचं डोकं फिरलं. तुमचं पाऊल अडीच फुटांचं. एका रविवारी भर दुपारी तुम्ही आमच्या दारात येऊन थांबलात, ओठ हलत होते, कारण मोजणी चालू होती. आई बाहेर आली. तुम्ही हातानं तिला थांब म्हणून खूण केलीत, उंबऱ्यापर्यंत शेवटची पावलं टाकलीत आणि मग म्हणालात, "आठशे. बाई, प्यायला पाणी द्या." आईनं तांब्या दोनदा घासला आणि तरी देताना घुटमळली. तुम्ही तो घेतलात, घटाघटा प्यायलात आणि वर म्हणालात, "अजून एक." आई ही गोष्ट मरेपर्यंत सांगत होती. ती पाण्याची गोष्ट सांगायची, आणि मी प्रत्येक वेळी त्यातला आकडा ऐकायचे. आठशे. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पाऊलभरही इकडेतिकडे नाही, इतकं नेमकं माहीत होतं.

आणि तरी भिंतीवर आमची वस्ती ओढ्याच्या अलीकडं आली. सगळं गाव जिथल्या तिथं, देऊळ, चावडी, आड, तळ्याचा बांध, फाटा, आणि आम्ही तेवढे ओढा ओलांडून इकडं, कुणाच्यातरी ज्वारीच्या रानात येऊन बसलेले. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, पण तेराव्या वर्षी गुरुजींना चुकलं म्हणायची ताकद कुणात असते. घरी सांगितलं. आई दुसऱ्या दिवशी भाकरी द्यायच्या निमित्तानं शाळेत आली, भिंतीसमोर उभी राहिली, आणि मी तिला बोट लावून दाखवलं, हे आपण, हा ओढा. ती पुष्कळ वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भिताडावर का व्हईना, वड्याच्या अलीकडं आलो म्हण की." तिला ते आवडलं. पावसाळ्यात ओढा भरला की आमची शाळा चार-चार दिवस बुडायची, तिला त्याचा घोर असायचा. मला मात्र त्या भिंतीचा राग यायला लागला तो तिथूनच.

सातवी संपल्यावर तुम्ही मला लाकडी फूटपट्टी दिलीत. "घे. रेघा सरळ मार," एवढंच. कारण सांगितलं नाहीत, कौतुकाचा शब्द नाही. ती पट्टी मी नोकरीभर वापरली. माझ्या टेबलावर स्टीलच्या पट्ट्या होत्या, नंतर कॉम्प्युटर आला, पण ती पट्टी कपाटात गेली नाही. राग माणसावर असतो, पट्टीवर काय म्हणून काढायचा.

मग तुमचा निरोप समारंभ. मी नुकतीच नोकरीला लागले होते, म्हणून मला खास बोलावलं, शाळेचं नाव काढलेली मुलगी. मांडव, शाल, श्रीफळ, आणि माझ्या हातात माईक. दोन शब्द बोला म्हणाले. मी दोनापेक्षा जास्त बोलले. म्हणाले, गुरुजींनी आम्हाला अचूक मोजायला शिकवलं, म्हणून मी अचूक सांगते, या शाळेच्या भिंतीवरचा नकाशा खोटा आहे. आमची वस्ती ओढ्याच्या अलीकडं दाखवलीय. ती पलीकडं आहे, आजही. उद्या एखादा साहेब येईल, भिंतीकडं बघेल आणि म्हणेल, वस्ती तर अलीकडंच आहे, मग पूल कशाला पाहिजे? आमच्या वस्तीतले काहीजण मागं उभे होते, त्यांतल्या एकानं टाळी वाजवायला सुरुवात केली आणि थांबवली. तुम्ही खुर्चीवर होता, मांडीवर नारळ. माझ्याकडं बघून तुम्ही हळूच म्हणालात, "जागा पुरली न्हाई, बाई." बस. मी म्हणाले, आम्हालाच कशी पुरत नाही. आणि जेवणाला न थांबता फाट्यापर्यंत चालत आले, ताडताड. ते वाक्य मी इतकी वर्षं दाताखाली खडा धरावा तसं धरून ठेवलं. सगळ्या गावाला जागा पुरली, आम्हाला नाही.

नंतर आईकडून तुमचा निरोप यायचा. "गुर्जी इचारत हुते तुला. येऊन जा म्हणले एकदा, काय तर दाखवायचं हाय म्हणले." मी सांगून पाठवलं, सुट्टी मिळत नाही. पुन्हा निरोप आला, पुन्हा सुट्टी मिळाली नाही. मग तुम्ही गेल्याचाच निरोप आला.

आता पाच दिवसांपूर्वीचं ऐका. तो आकाशातला नकाशा एका बाजूला आणि बाईंनी पाठवलेला भिंतीचा फोटो दुसऱ्या बाजूला ठेवून मी एकेक अंतर ताडायला बसले. हेतू चांगला नव्हता. मला तुमच्या अजून चुका हव्या होत्या, म्हणजे ती एक चूक इतर चुकांत मिसळून गेली असती आणि कदाचित मी तुम्हाला माफ केलं असतं. फूटभर भिंत म्हणजे तुमची शंभर पावलं, हे प्रमाण खाली लिहिलेलंच होतं. कट्ट्यापासून मारुती, तुमची दोनशे वीस पावलं. पडद्यावर रेघ ओढली, मीटरची पावलं केली, दोनशे एकवीस. चावडी बरोबर. आड बरोबर. तळ्याच्या बांधाची दोन्ही टोकं बरोबर. ओढा, सहाशे पंचाहत्तर पावलं, बरोबर. दोर, पाय आणि चिंचोके घेऊन फिरलेला माणूस आणि आभाळातलं यंत्र, दोघांचा हिशेब हाताला हात लावून बसतो. मी एकतीस ठिकाणं तपासली. तीस बरोबर. एकच चूक, आमची, आणि तीही थोडीथोडकी नाही, दोनशे पावलांची. मला घाम फुटला रागानं. म्हणजे चुकून नाहीच. इतक्या नेमक्या माणसाचा हात एकाच जागी घसरत नाही. मुद्दाम केलं. मी त्याच बैठकीत नवा नकाशा काढला, लहान प्रमाणाचा, त्यात ओढा ओढ्याच्या जागी आणि वस्ती वस्तीच्या जागी, ठळक अक्षरात, आणि बाईंना फोनवर पाठवून दिला. जुना पुसा म्हणाले, सगळा.

चौथ्या दिवशी बाईंनी फोटो पाठवला, मॅडम, काम होत आलं. बघते तर पेंटरनं माझ्या नकाशाला हातही लावला नव्हता. जुन्याच नकाशावर नवा रंग. फक्त उजवा कोपरा, जिथं वस्ती होती, तेवढा चुन्यानं पांढरा केलेला, कारण माझ्या ठळक अक्षरांतून त्याला एवढंच कळलं होतं की वस्तीची जागा चुकलीय. मी फोन केला तर पेंटर स्वतः बोलला. "मॅडम, जुनं पुसतच न्हाई. गुर्जीनं आधी खिळ्यानं रेघा कोरल्यात भिताडात. चुना मारला तरी खाच वर येती. म्हणून म्या खाचंतूनच ब्रश फिरवला. तेवढा कोपरा सांगा, कुठं काढू." सांगा कुठं काढू. मी कपाळाला हात लावला, फूटपट्टी पर्समध्ये टाकली आणि सकाळची एसटी धरली. अहमदपूरला बस बदलली, फाट्यावर उतरले आणि कट्ट्यापर्यंत चालत आले. मोजलं नाही. दम लागतो आता.

सातवीचा वर्ग रिकामा होता, मुलं जेवायला गेलेली. भिंत मी लहानपणी पाहिली होती त्याहून लहान. डावीकडं खिडकी, उजवीकडं दार. नकाशा या दोहोंच्या मधे बसवलेला. फोटोत दार कधी आलंच नव्हतं, बाईंनी प्रत्येक वेळी फक्त नकाशाचा फोटो काढला होता, आणि आभाळातून काय, छप्पर दिसतं. मी कट्ट्याच्या खुणेवर पट्टी लावली आणि फूट फूट मोजत उजवीकडं सरकले. एक, दोन, तीन. पावणेसातवर ओढा. सातवर दाराची चौकट. आणि आठ. आठशे पावलं, आठ फूट. पट्टीचं टोक दाराच्या मोकळ्या जागेत होतं, माझा हात हवेत. बाहेर मैदानात एक कुत्रं झोपलेलं दिसत होतं. आमची वस्ती तुमच्या भिंतीवर तिथं येत होती, जिथं भिंतच नव्हती.

मी पेंटरला म्हणाले, जरा सरका. ओढ्याच्या रेघेपासून चौकटीपर्यंत तीन इंचांची जागा, तिच्यावर जुने थरावर थर. बोट फिरवलं तर खाच लागली. आमची पायवाट. ओढा ओलांडून सरळ पुढं येते आणि चौकटीच्या लाकडाला जाऊन थांबते. तुम्ही खरं काढायला घेतलं होतं. मारुतीपासून सुरू करून, गाव काढून, ओढा काढून, शेवटी आमच्याकडं निघाला होता, आणि दार आलं. मग ती पायवाट तुम्ही रंगानं झाकलीत आणि आम्हाला उचलून अलीकडं घेतलंत. कागद संपला की नकाशा संपला, असं मला सांगणाऱ्या माणसाची भिंत संपली, आणि त्यानं नकाशा संपवला नाही.

मला तिथं बाकावर बसावं लागलं, आणि बसल्या बसल्या मी तुमच्यावर पहिल्यापेक्षा जास्त चिडले. काय माणूस आहात. सांगायला काय झालं होतं? 'बाई, दार आलं' एवढे तीन शब्द जास्त लागले असते. 'तुमची वस्ती सोडायची नव्हती मला' असं मांडवात म्हणवत नव्हतं तर नका म्हणू, पोस्टकार्ड लिहायचं, आईजवळ सांगायचं. तुम्ही फक्त म्हणणार, जागा पुरली न्हाई, आणि समोरच्यानं पुढचं समजून घ्यायचं. आम्ही काय समजणार? आम्हाला जागा पुरत नाही हे आम्ही पिढ्यान् पिढ्या ऐकत आलेलो, त्यात तुमचा निराळा अर्थ कुठं शोधायचा? आणि प्रमाण बदलता येत होतं, गुरुजी. एका फुटाला सव्वाशे पावलं धरली असती तर आम्ही आमच्या जागी बसलो असतो. पण नाही, मुलांना पट्टी लावून तोंडी हिशेब करता आला पाहिजे, म्हणून शंभरच. नाहीतर सुरुवात आमच्याकडून करायची होती. मारुती शेवटी आला असता आणि गेला असता खिडकीबाहेर, बघितलं असतं गाव काय म्हणतं ते. ते तुम्हाला सुचलं नाही. कुणालाच सुचत नाही, शेवटी नेहमी आम्हीच येतो. तेवढं तुमच्याकडं येणं आहेच, ते मी सोडत नाही. पण मी ज्याला अपमान समजत होते तो अपमान नव्हता. मी चुकले. सगळ्या गावासमोर, माईकवर, चुकले. आणि तुम्ही नारळ मांडीवर घेऊन ऐकून घेतलंत. मला रडू आलं, ते पेंटरसमोर आलं याचाही राग आला.

तो बिचारा ब्रश धरून उभा होता. म्हणाला, "मॅडम, काढायची का सोडून देऊ? कोपरा तसा मोकळा बरा दिसतो." तुमच्यापुढं होतं तेच आता माझ्यापुढं. सोडून द्यायचं, नाहीतर चुकीच्या जागी काढायचं. मी त्याच्या हातातून ब्रश घेतला. सहा फुटांवर पट्टी धरली, चुन्याखाली जुन्या घरांच्या खाचा बोटाला लागत होत्या, त्यांच्यावरूनच काढत गेले. बावीस घरं, विहार, लिंब. ओढ्याच्या अलीकडं. आणि ती झाकलेली पायवाट पण काढली, ओढ्यापासून चौकटीपर्यंत, तीन इंच, थेट दारापर्यंत. ज्याला मोजायचं असेल त्यानं दारातून बाहेर जाऊन मोजावं.

मुख्याध्यापिका बाई जेवण आटपून आल्या. कौतुकानं बघायला लागल्या आणि मग थबकल्या. म्हणाल्या, "मॅडम, पण वस्ती तर वड्याच्या पलीकडं हाय ना? मी रोज बघते की." माझ्या तोंडात सगळं होतं. दोर, आठशे पावलं, आईचा तांब्या, लग्नपत्रिकेचा तुकडा, मांडव, दार. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "जागा पुरली नाही, बाई." त्यांनी बरं म्हटलं आणि माझ्याकडं जरा निराळ्या नजरेनं बघितलं. ती नजर मला ओळखीची वाटली.

आज घरी येऊन हे लिहितेय. त्या आकाशातल्या नकाशात मी चौथी सूचना पाठवलीय, वस्तीचं नाव, जागेवर, पलीकडं, अचूक. स्वीकारतील न स्वीकारतील. हे पत्र टाकायचं म्हटलं तर कुठं टाकणार, आणि पत्ता लिहिला तर तो नकाशा ते नेऊन तुरीच्या रानात टाकेल. फूटपट्टीबरोबर ठेवून देते. फक्त एक सांगायचं राहिलं, ते आईलाही कधी सांगितलं नाही. तुम्ही बोलावत होता त्या उन्हाळ्यात मी एकदा फाट्यापर्यंत आले होते. तिथल्या एका लिंबाखाली उभी राहिले, आणि समोरून परतीची बस आली तेव्हा तिच्यात चढले. सुट्टी होती, गुरुजी.